‘सहानुभूती’ : शब्द आणि व्यवहार



माझे शालेय शिक्षण आठवीला संपले. पुढचे शब्द मी कामगारांचे अर्ज लिहिताना शिकलो. त्यांतल्याच एका शब्दाविषयी आज बोलणार आहे.

तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात माझ्या एका सोबत्याच्या उजव्या हाताची तीन बोटे प्रेसखाली गेली. भरपाईचा अर्ज मी लिहिला. उत्तर आले, ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.’ त्याच्या आईला मी ते वाचून दाखविले. तिने विचारले, ‘‘म्हणजे देणार का न्हाई, बाळा?’’ मला सांगता येईना.

मराठीत या भावनेला शब्दांचा तोटा नाही. कीव वरून खाली पाहते. हळहळ उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाते. कळवळा पोटातून येतो. सहानुभूतीत मात्र ‘सह’ आहे आणि ‘अनुभूती’ही आहे. दुसऱ्याला जे सोसावे लागते, ते त्याच्याबरोबर सोसावयाचे, असा हा कठीण शब्द! आणि तोच आपण कचेरीच्या पत्रात सर्वांत स्वस्त करून टाकला.

कामगार चळवळीत ‘सहानुभूतीचा संप’ असा शब्दप्रयोग आहे. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस, या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. त्यात स्वतःसाठी पगारवाढीची मागणी नव्हती. मजुरी बुडाली, गोळीबारात माणसे मेली. ‘सह’ या उपसर्गाचा अर्थ त्यांनी असा लावला.

पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि जखमी कामगाराची भरपाई मालकाच्या दयेवर राहिली नाही, तो त्याचा हक्क झाला. जिथे हक्क आहे, तिथे सहानुभूतीची भाषा बोलणे म्हणजे देणे लांबविणे होय. देणे आधी द्यावे. सहानुभूती त्यानंतर, जे पैशाने भरून येत नाही त्यासाठी.

माझ्या सोबत्याला भरपाई मिळाली, ती दावा लावल्यावर. पण सही करावयाचा हात गेला होता. शेजारच्या यंत्रावरचा गडी पाळी सुटल्यावर रोज अर्धा तास त्याच्यापाशी बसे आणि डाव्या हाताने अक्षरे गिरवून घेई. सहा महिन्यांनी पगाराच्या वहीत सही उमटली. त्या गड्याच्या तोंडी ‘सहानुभूती’ हा शब्द मी कधी ऐकला नाही.