लोकर आणि रुपें

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नांवाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या दक्षिण भागांत, बिओबिओ नदीपलीकडे, मापुचे लोकांचा जुना मुलूख लागतो. त्यांच्या भाषेंत 'मापु' म्हणजे भूमि आणि 'चे' म्हणजे माणसें. १६४१ सालीं कियीन येथील तहांत ही नदी त्यांची सीमा म्हणून स्पेनच्या सत्तेनेंहि मान्य केली होती.

या लोकांच्या गवतानें शाकारलेल्या घराला 'रुका' म्हणतात. त्याचें दार पूर्वेकडे, मधोमध आगटी, आणि घरच्या स्त्रियांचा उभा माग, 'विट्राल'. मेंढीची लोकर कातरावी, धुवावी, चातीवर कांतावी, मुळापानांच्या रंगांत उकळावी आणि मग मागावर चढवावी, असा क्रम. मुलगी तो आई-आजीच्या हाताखालीं शिके. मागावर तयार होणारा 'माकुन्य', म्हणजे गळ्यासाठीं मध्यें चीर ठेवलेलें जाड पांघरूण, नक्षीवरून पांघरणाऱ्याचा मान सांगे.

या पांघरुणांना दूरवर मागणी असे. त्यांच्या आणि गुरांच्या मोबदल्यांत रुप्याचीं नाणीं येत. 'रुट्राफे' म्हणजे मापुचे सोनार. तो नाणीं वितळवून स्त्रियांसाठीं कपाळावरचा 'ट्रारिलोंको' आणि छातीवरचा 'ट्रापेलाकुचा' हे दागिने घडवी. लोकरीचें रुपें होई, तें असें. एकोणिसाव्या शतकांत ही कला ऐन भरांत होती.

परंतु १८६१ ते १८८३ या काळांत चिलीच्या सैन्यानें हा मुलूख जिंकला. मापुचे कुटुंबांकडे सुमारें ५ लाख हेक्टर जमीन उरली. पूर्वीच्या मुलखाचा तो जेमतेम विसावा हिस्सा. चराऊ रानें गेलीं, गुरें गेलीं. अडचणींत दागिने गहाण पडले, विकले गेले. त्यांतील कित्येक आज संग्रहालयांच्या कपाटांत आहेत.

रुपें गहाण ठेवतां आलें. हातची विद्या गहाण पडली नाहीं. २०१७ च्या शिरगणतींत चिलींतील १७ लाखांहून अधिक लोकांनीं आपण मापुचे असल्याचें सांगितलें. त्यांतील सुमारें एकतृतीयांश राजधानी सांतियागोच्या परिसरांत राहतात. तेथें मेंढरांना कुरण नाहीं, आणि लहानशा खोलींत माग उभा करणेंहि सोपें नाहीं. तरीहि स्त्रिया विणतात आणि मुलींना शिकवितात. तेमुको शहराच्या बाजारांत त्यांचें वस्त्र हातीं घेणारा बहुधा आधीं भाव विचारतो. त्या भावांत लोकर आणि मजुरी मोजली जाते. रुपें आणि रानें गेल्यावरहि जिनें आपला माग मोडला नाहीं, त्या आजीचे श्रम मात्र त्यांत कोणी धरीत नाहीं.