घाबरलेल्या नजरेचा परीघ
(समाजाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभातील व्याख्यान)



सत्कारप्रसंगी बक्षिसे मिळविणाऱ्यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही, ज्यांना उत्तर येत होते पण प्रश्नच दिसला नाही, अशा मुलांविषयी बोलणार आहोत. प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागील प्रश्न राहून जातो, मुलगा घरी येऊन रडतो आणि वडील दरडावतात, “लक्ष कुठे होते तुझे?” लक्ष कुठे होते, हाच आमचा विषय होय.

आपला समाज विणकरांचा. ‘ताण’ हा शब्द आपणांस कोणी शिकवावयास नको. ताणा सैल पडला तर कापड नीट उतरत नाही, फाजील ओढला तर धागा तुटतो. जिवंत प्राण्याच्या शिकण्याचेही काहीसे असेच आहे, हे यर्कीस व डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून मांडले.

आता डोळ्याकडे वळू. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर जवळजवळ तेवढाच भाग आपणांस अगदी स्पष्ट दिसत असतो. भोवतालचे सारे अंधुक. परंतु नजर आणि लक्ष या दोन वस्तू एक नव्हेत. गेल्या शतकापूर्वीच्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अंधारात अक्षरांचा कागद ठेवून तो विजेच्या ठिणगीने क्षणभरच उजळविला. डोळे एका बिंदूवर खिळलेले असतानाही, ज्या भागाकडे त्यांनी मनाने आधीच लक्ष दिले होते तेथील अक्षरे त्यांना वाचता आली. इतर भागांतील नाही.

भय उत्पन्न होताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात, छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. कॉर्टिसोल मागाहून, सुमारे वीस ते तीस मिनिटांनी शिखरास पोहोचते. बाहुली मोठी झाली तरी मनाचा परीघ मात्र लहान होतो. ईस्टरब्रुक यांनी १९५९ साली हा सिद्धांत मांडला: क्षोभ वाढला की मन कमी खुणांवर काम चालविते, मध्यावरचे टिकते, कडेचे गळते. सर्व प्रयोगांचा कौल मात्र एकसारखा नाही. काहींत ताणाखालचे लक्ष अरुंद न होता भलत्याच गोष्टीकडे खेचले जाते.

येथे कोणी अर्जुनाचे उदाहरण देईल. पण अर्जुनाने पक्ष्याचा डोळाच पाहावयाचा, हे स्वतः ठरविले होते. घाबरलेल्याचे लक्ष कोठे चिकटावे, हे तो ठरवीत नाही, भीतीच ठरविते.

चार यंत्रमाग सांभाळणारा कामगार नजर सतत फिरती ठेवतो. एका मागावरचा धोटा उडाला की नवशिक्याचे सर्व भान तिकडेच जाते, आणि शेजारच्या मागावर तुटलेला धागा तसाच कापडात दोष विणीत राहतो. जुना कारागीर धोटा आवरतो आणि सवयीनेच बाजूला पाहून घेतो. त्याला भीती वाटत नाही असे नव्हे. त्याची नजर सरावाने बांधलेली असते.

सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले, आणि १९४०च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. असे धैर्य विरळाच. पण शल्यगृहाचा रिवाज नुसत्या धैर्यावर विसंबत नाही. जखम शिवण्यापूर्वी हत्यारे व कापडाच्या घड्या मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी पडताळणीची यादीच प्रसृत केली. निष्णात सर्जन जर आपल्या नजरेवर सर्वस्वी भरवसा ठेवीत नाहीत, तर पंधरा वर्षांच्या मुलाने का ठेवावा?

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी की, परीक्षेच्या सकाळी उंबऱ्यावर उभे राहून मागच्या गुणांचा हिशेब काढू नये. घरी मात्र घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. आणि मुलांनो, प्रश्नपत्रिका हाती येताच दोनतीन वेळा सावकाश श्वास सोडा, सर्व पाने उलटा, शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक उत्तरपत्रिकेच्या कच्च्या पानावर लिहून ठेवा. वही परत देण्यापूर्वी त्या क्रमांकापर्यंत बोट लावून मोजा.

आमचा वेळ संपला आहे आणि मुले बक्षिसांसाठी ताटकळली आहेत. अध्यक्षमहाराजांनी पहिले नाव पुकारावे.