धुण्यातला मवाळ क्षार



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, शिक्षणविचार, गायकवाडी राज्यकारभार अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. मी मात्र आपल्यापुढे खाण्याचा सोडा घेऊन उभा आहे, आणि तोही ढोकळ्यासाठी नव्हे, धुण्यासाठी. विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी अत्यंत सौजन्याने ‘पुन्हा एकदा विचार करून पाहा’ असे सुचविले. मी विचार केला आणि तोच विषय कायम ठेवला. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते आमचे सर रसायनशास्त्र शिकवीत, आणि जे रसायनशास्त्र मोरीपर्यंत पोहोचत नाही ते परीक्षेपुरतेच उरते, अशी त्यांची धारणा होती.

अलीकडे घरोघर असा समज पसरला आहे की खाण्याचा सोडा कपड्यांचा वास घालवितो, मळ काढतो, पांढरे कपडे शुभ्र करतो, पाणी सुफेन करतो, जंतू मारतो आणि साबणाचा जोर वाढवितो. सहा कामे एकट्याच्या माथी मारली की त्यांतली किती खरी, हे कोणीतरी तपासलेच पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे तो यांतले एकच काम खरोखर उत्तम करतो. ते काम कोणते आणि तेवढेच का, हे सांगण्याचा आज प्रयत्न आहे.

प्रथम नावांचा घोळ निस्तरू. आपण बडोदेकर मराठी माणसे घरात ‘खाण्याचा सोडा’ म्हणतो आणि वाण्याच्या दुकानात ‘साजीनां फूल’ मागतो. त्याच दुकानात ‘धुण्याचा सोडा’ वेगळ्या पोत्यात असतो, आणि पापडाच्या दिवसांत ‘पापडखार’ म्हणून आणखी एक पुडी घरात येते. ‘साजी’ हा शब्द आपल्या सज्जीखाराचाच भाऊ. खाऱ्या जमिनीत वाढणारी झुडपे जाळून त्यांच्या राखेतून हा क्षार पूर्वी काढीत. या साऱ्या मंडळींचे कूळ एक, स्वभाव मात्र निरनिराळे. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट आणि धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पहिल्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो, तर दुसऱ्याचे शंभर भागांत एक भाग असे द्रावण केले तर सामू ११ च्याही वर जातो. सामूचा एक अंक वाढला म्हणजे क्षारता दहापट झाली, हे नववीत आपण पाठ केले होते. तेव्हा वरकरणी तीन अंकांचा दिसणारा हा फरक सुमारे हजारपटीचा आहे.

सर हा फरक वर्गात दाखवीत तेव्हा प्रत्येकाला घरून चिमूटभर सोडा आणावयास सांगत. दोन परीक्षानळ्यांत दोन सोडे विरघळवून प्रत्येकीत फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकीत. धुण्याचा सोडा तत्काळ गडद गुलाबी होई. खाण्याचा सोडा रंगहीन राही, फार तर एखादी फिकट छटा येई. मग ती रंगहीन नळी ते दिव्यावर धरीत. पाणी उकळू लागे, बुडबुडे येत, आणि हळूहळू तीही गुलाबी होऊ लागे. उष्णतेने खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. कोरडी पूड पूर्ण तापविली तर १६८ ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून १०६ ग्रॅम धुण्याचा सोडा मिळतो. मोठ्या पातेल्यात कपडे उकळताना मूठभर खाण्याचा सोडा टाकणाऱ्या आजीबाईंना गुण येई, तो याच रूपांतरामुळे. थंड पाण्याच्या बादलीत तीच मूठ टाकून तोच गुण यावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

कारखान्यात हे नाते आणखी स्पष्ट दिसते. सॉल्वे पद्धतीत मिठाच्या अमोनियायुक्त द्रावणातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तळाशी साका बसतो तो बायकार्बोनेटचा; तो भाजला की धुण्याचा सोडा तयार होतो. या पद्धतीने सोडा करणारा एक मोठा कारखाना मिठापूरला आहे, आणि मिठापूर ज्या ओखामंडळात येते तो एके काळी बडोदे संस्थानाचा मुलूख होता. सयाजीराव महाराजांच्या काळात कपिलराम वकील यांनी तेथे मिठाचा उद्योग उभारला आणि १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली. याच शहरात १८९० साली निघालेल्या कलाभवनात प्रा. त्रिभुवनदास गज्जर कापड रंगविण्याचे रसायनशास्त्र शिकवीत. १८९६ साली मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते कृत्य आपले असल्याचे दामोदर चाफेकरांनी पुढे सांगितले. आणि भल्याभल्यांना न निघालेले ते डाग काढले ते याच गज्जरांनी. राजकारणात आपली सहानुभूती कोणाकडे असावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. डाग काढणे ही गंभीर विद्या आहे, एवढेच मला त्यातून सुचवावयाचे आहे.

आता मुख्य काम, म्हणजे वास. घामाला मुळात फारसा वास नसतो. त्वचेवरील जीवाणू घामातील द्रव्यांवर जगतात आणि त्यांतून लहान रेणूंची मेदाम्ले तयार होतात. बनियनच्या बगलेतला, मोज्यांतला आणि उशीच्या अभ्र्यातला आंबूस वास बव्हंशी या आम्लांचा. आम्ल जोवर आम्ल आहे तोवर ते हवेत उडते आणि नाकापर्यंत पोहोचते. सामू ८ च्या वर गेला की ते जवळजवळ संपूर्णपणे क्षाराच्या रूपात बदलते. क्षार उडत नाही, पाण्यात विरघळतो आणि खळबळताना निघून जातो. सुगंधी द्रव्य वासावर पांघरूण घालते. सोडा वासाचे कारणच पाण्यात उतरवितो. यासाठी सामू ११ पर्यंत नेण्याची काहीच गरज नाही, ८.३ पुरेसा आहे. म्हणूनच या एका कामात मवाळ सोडा तिखट सोड्याच्या बरोबरीने उतरतो.

रीत साधी आहे. दहा लिटर पाण्याच्या बादलीत तीन मोठे चमचे, म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम सोडा आधी नीट विरघळवावा, आणि कपडे त्यात तीन-चार तास, जमल्यास रात्रभर बुडवून ठेवावेत. चमचाभर पूड कोरड्या कपड्यांवर भुरभुरून पाच मिनिटांत धुवून टाकली, तर सोड्याला काम करावयास वेळच मिळत नाही. पॉलिस्टरच्या कापडाचे मात्र वेगळे आहे. त्याचा धागा अंगातील तेल धरून ठेवतो आणि वासाची द्रव्ये त्या तेलात दडतात. सोडा पाण्यात राहणारा, तो तेलात शिरत नाही. तेथे आधी साबण, मग सोडा.

पावसाळ्यातल्या कुबट वासाविषयी मला नेहमी विचारले जाते. जपानी संशोधकांनी २०१२ साली या वासाचे मूळ मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जीवाणूत आणि तो निर्माण करीत असलेल्या एका मेदाम्लात असल्याचे दाखविले. आम्ल आहे, म्हणजे सोडा त्याला आवरतो. पण जीवाणू धाग्यात तसाच राहतो आणि कपडा पुन्हा ओला राहिला की वास परत येतो. सोडा जंतुनाशक नाही. तेथे खरा उपाय गरम पाणी, ऊन आणि कपडा लवकर वाळविणे. दोन दोऱ्यांच्या मध्ये वीतभर अंतर ठेवले तर चाळीतल्या गॅलरीतही बराच फरक पडतो.

आता जी कामे तो करीत नाही त्यांच्याकडे वळू. ज्यांच्या घरी आजव्याचे पाणी येते त्यांना कदाचित जाणवणार नाही, पण बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांना दुष्फेन पाणी म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या पाण्यातले कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका करते. फेस येत नाही आणि कपडे करडे पडतात. धुण्याचा सोडा या कॅल्शियमला चुनखडीच्या रूपाने बाजूला काढतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या वीस लिटर पाण्याला त्यासाठी हिशेबाने साडेसहा ग्रॅम निर्जल सोडा लागतो, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. खाण्याचा सोडा थंड पाण्यात हे काम करू शकत नाही. तेलकट मळ काढण्यातही तो दुबळा, आणि शुभ्रतेशी त्याचा थेट संबंध नाही.

साबणाचा जोर वाढतो, ही समजूत तर उलटीच आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त धुण्याच्या पावडरींत धुण्याचा सोडा भरपूर असतो. त्यात खाण्याचा सोडा मिसळला की द्रावणाचा सामू चढण्याऐवजी उतरतो, आणि दोन्ही सम प्रमाणात असतील तर १० च्या आसपास स्थिरावतो. निसर्गाने हे मिश्रण आधीच करून ठेवलेले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी सापडणाऱ्या क्षारांत या दोन्ही सोड्यांचे जोडसंयुग असते. काच आणि साबण करण्याची सामग्री तेथे मिळते, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’तही आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या क्षारांची नावे. पाठ्यपुस्तकांनी ती गाळली, याचे मला वाईट वाटते.

जोर उतरतो हे ऐकून काहींची निराशा झाली असेल. मला ती गोष्ट मोलाची वाटते, आणि तिचे कारण हातांत आहे. धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. सामू ११ च्या पाण्यात हात रोज दोन-दोन तास बुडाले की त्वचेतले स्निग्ध द्रव्य धुऊन निघते, कातडे कोरडे पडून फाटते, आणि फाटलेल्या जागी तेच पाणी पुन्हा झोंबते. एका घरचे धुणे आटोपून त्या दुसऱ्या घरी जातात, आणि तेथेही तसलीच बादली त्यांची वाट पाहत असते. आपण दुकानात पावडरीची किंमत पाहतो. या हातांची किंमत कोणत्याच पुड्यावर छापलेली नसते. रोजच्या घामट कपड्यांना तिखट पावडर फार थोडी पुरते. ती निम्मी करून पाहावी आणि कपडे आदल्या रात्री खाण्याच्या सोड्यात भिजवावेत. पाणी दुष्फेन असेल तर धुण्याच्या सोड्याचा तो लहान चमचा अवश्य घालावा, पण मापून, मुठीने नव्हे. यात खर्च फारसा वाढत नाही. बादलीत हात घालणारी व्यक्ती आणि पावडर आणणारी व्यक्ती वेगळी असते, म्हणून हे इतक्या विस्ताराने बोललो.

सोड्यात व्हिनेगर ओतून फसफसणारा फेस पाहण्याची हौस अनेकांना असते. ती दोन्ही द्रव्ये एकमेकांना संपवितात. वायू उडून जातो, बादलीत सोडियम ॲसिटेट उरते आणि त्याने काहीही धुतले जात नाही. वापरायचेच तर एक आधी, दुसरे शेवटच्या पाण्यात. आणि ब्लीचिंग पावडरीजवळ व्हिनेगर किंवा लिंबू चुकूनही नेऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तेच येथे घडते. डाग वाढलेला नसतो, त्याने फक्त रंग बदललेला असतो. धुऊन उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. रेशीम आणि लोकर यांच्या बाबतीत मात्र दोन्ही सोड्यांना लांब ठेवावे. हे धागे प्रथिनांचे, क्षाराने ते कमजोर होतात आणि त्यांची झळाळी जाते. पैठणीला रिठाच बरा, आणि तोही घरातल्या जाणत्या बाईच्या देखरेखीखाली.

एका माजी विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठवून तान्ह्या बाळाच्या दुपट्यांबद्दल विचारले आहे. दुपटी साचून राहिली की लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो. तो वास आम्लाचा नसून अल्कधर्मी असल्यामुळे सोड्याचा तेथे फारसा उपयोग नाही. दुपटी ओली होताच साध्या पाण्यातून काढावीत, नेहमीप्रमाणे धुवावीत, शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर टाकावे आणि पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून पिळून कडक उन्हात वाळवावीत. साबणाचा अंश कापडात राहता कामा नये, कारण बाळाची त्वचा आपल्याहून नाजूक असते. आणि दुपट्यांना सुगंधी द्रव्य लावू नये.