परभाषेचे शब्द आणि वाचनाची वाट



मेळघाटातील कोरकू मूल किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. कोरकू ही मुंडा कुळातील व गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. त्यामुळे घरच्या शब्दावरून मराठी शब्दाचा अर्थ ताडावा, अशी सोय या मुलांना फारशी नसते. असे मूल वर्गात गप्प राहिले, की ते मंद ठरविले जाते. वस्तुतः उणीव बुद्धीची नसून शब्दांची असते.

हे शब्द त्याला कसे मिळावेत? फळ्यावर शब्द व अर्थ लिहून पाठ करून घेणे, हा रूढ उपाय होय. परंतु एकटा पाठ केलेला शब्द लवकर विसरला जातो. ‘पाचोळा’ हा शब्द पाहा. एका गोष्टीत सशाच्या पायाखाली पाचोळा वाजतो. दुसरीत वाऱ्याने पाचोळा उडतो. तिसरीत म्हातारी पाचोळा गोळा करून शेकोटी पेटविते. पहिल्या वेळी मुलाला अंधुक तर्क करता येतो, दुसऱ्या वेळी तो तर्क सुधारतो आणि तिसऱ्या वेळी शब्द त्याचा होतो. रानात वाढलेल्या मुलाला ती वस्तू ठाऊकच असते. केवळ तिचे मराठी नाव हवे असते.

या बाबतीत फिजी बेटांवरील एक प्रयोग मननीय आहे. तेथील मुलांची घरची भाषा फिजियन किंवा हिंदी. इंग्रजी ही शाळेची भाषा. वॉरविक एली व फ्रान्सिस मंगुभाई यांनी 1980 मध्ये बारा ग्रामीण शाळा निवडल्या. त्यांपैकी आठ शाळांच्या चौथी व पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी 250 सचित्र गोष्टींची पुस्तके दिली; उरलेल्या शाळांत नेहमीचेच पाठ चालू राहिले. काही वर्गांत मुले रोज मूकवाचन करीत, तर काहींत शिक्षक मुलांसह गोष्ट वाचून तिच्यावर बोलत. आठ महिन्यांनंतर पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचून व ऐकून समजण्यातील प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाल्याचे आढळले. दुसऱ्या वर्षाअखेर हा लाभ भाषेच्या इतर अंगांतही दिसून आला.

मात्र पुस्तक मुलाच्या आवाक्यातील हवे. शंभरांत चार-पाचांहून अधिक शब्द अनोळखी असले, तर तर्काला आधारच उरत नाही व मूल पुस्तक मिटून ठेवते. अगदी लहानांना शिक्षकाने चित्र दाखवीत गोष्ट वाचून दाखवावी. अडलेल्या शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगून पुढे जावे. तोच शब्द मुलाच्या बोलीत काय म्हणतात, हेही विचारावे. प्रत्येक गोष्टीवर प्रश्नोत्तरांचा भार मात्र घालू नये.

पुस्तके फाटतील या भीतीने अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप राहते. हाताळून फाटलेले पुस्तक चिकटविता येते. परंतु न उघडलेल्या पुस्तकातून एकही शब्द मुलापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कपाटाची किल्ली मुलांच्या हाती देणे आणि रोजचा अर्धा तास वाचनासाठी राखणे, ही भाषाशिक्षणाचीच कामे समजावीत.