आजींचं विसरणं आणि मुलींची शाळा
(आमच्या गटाच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही आणि संशोधकही नाही. मला इथं बोलायला उभं केलंय ते सासूबाईंना सात वर्षं सांभाळलं म्हणून. सांभाळता सांभाळता जे वाचलं आणि समजून घेतलं, तेच आज सांगणार आहे.

2016 साली सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. केलेला चहा विसरून त्या पुन्हा आधण ठेवायच्या. घरात सगळे हसायचे, "साठी बुद्धी नाठी" म्हणायचे. मग एक दिवस त्यांच्या पाटल्या सापडेनात आणि त्या शेजारणीला सांगून आल्या, "सुनेनं चोरल्या." पाटल्या पुढं तांदळाच्या डब्यात सापडल्या. पण आळीत माझ्याकडं बघणाऱ्या नजरा बदलल्या त्या बदलल्याच.

त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथं प्रश्न झाले: आज तारीख काय? महिना कोणता? शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात करा. या कागदावर एक वाक्य लिहा. सासूबाई कागदाकडं बघत राहिल्या. त्या शाळेची पायरीच चढल्या नव्हत्या. तारीख सांगता आली नाही, पण "परवा संकष्टी झाली" हे त्यांनी बरोबर सांगितलं. त्याचे गुण कुणी दिले नाहीत. निदान झालं, "आजार फार पुढं गेलाय."

घरी येताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. यातलं आजारामुळं न आलेलं किती आणि शाळेत न घातल्यामुळं न आलेलं किती?

पुढं कळलं की हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांमध्ये भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून वृद्धांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास केला. पाश्चात्त्य चाचणी जशीच्या तशी भाषांतर करून चालणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी हिंदीत नवी चाचणी बसवली. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. वाक्य लिहायला लावण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायला सांगितलं. लिहिलेली सूचना वाचून तसं करा, याऐवजी "माझ्याकडं बघा आणि मी करते तसं करा" असं ठेवलं.

नंतर एका समाजकार्यकर्तीनं सासूबाईंना अशाच तऱ्हेनं तपासलं. रविवार, शनिवार, शुक्रवार इथवर आल्या आणि अडकल्या. घराबद्दल मात्र भरभरून बोलल्या, फक्त ते माहेरचं घर होतं. म्हणजे आजार होता, हे खरंच. पण कागदावर ठरवला होता तेवढा पुढं गेलेला नव्हता. अजून बरंच काही शिल्लक होतं, आणि ते शिल्लक आहे असं धरून वागणं आमच्या हातात होतं.

आता तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेते. 1986 साली डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकानं मिनेसोटा राज्यात मॅनकॅटो इथं राहणाऱ्या जोगिणींबरोबर एक अभ्यास सुरू केला. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम हा त्यांचा संघ. यातल्या बऱ्याच जणींनी जन्मभर शाळेत शिकवलेलं. पुढं त्या संघाच्या अमेरिकेतल्या 678 जोगिणी या अभ्यासात आल्या. सगळ्या 75 ते 102 वर्षांच्या. दर वर्षी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यायची आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासाला द्यायचा, हे त्यांनी कबूल केलं.

जोगिणीच का? तर त्यांचं राहणं जवळपास एकसारखं. अन्न एकच, औषधपाणी सारखं, लग्न नाही, बाळंतपणं नाहीत, तंबाखू नाही. त्यामुळं एकीची बुद्धी नव्वदीतही शाबूत आणि दुसरीची पंच्याहत्तरीत हरवलेली, असं का होतं ते शोधणं थोडं सोपं गेलं.

मठाच्या दप्तरात एक ठेवा मिळाला. तरुणपणी, सरासरी बाविसाव्या वर्षी, व्रत घेण्याआधी प्रत्येकीनं स्वतःची हकीकत लिहून दिलेली होती. 93 जणींच्या हकीकती तपासून 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर दहा शब्दांमागं किती विचार गुंफलेत, ते मोजलं होतं. ज्यांच्या लिखाणात विचारांची दाटी कमी, त्यांच्यात साठ वर्षांनंतर अल्झायमरचं प्रमाण पुष्कळ जास्त आढळलं.

यातून घाईनं अर्थ काढू नये. चांगलं लिहिलं म्हणून आजार टळला, असं या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. पण म्हातारपणीच्या विसरण्याची मुळं तरुणपणात, कदाचित त्याच्याही आधी असतात, हे तिथं दिसलं.

दुसरी गोष्ट सिस्टर मेरीची. ती 101 वर्षं जगली. शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये तिला चांगले गुण मिळाले. मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या. म्हणजे आजार मेंदूत असूनही तिच्या वागण्या-बोलण्यात उतरला नव्हता. शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव शिल्लक म्हणतात. आपण बाया डब्यात चार पैसे मागं टाकतो, अडीअडचणीला उपयोगी पडतात, तसंच हे. शिक्षण, वाचन, डोक्याला खुराक देणारं काम, माणसांत वावर यांतून ही शिल्लक साठते, असं अनेक अभ्यास सांगतात.

मग माझ्या सासूबाईंच्या पिढीनं ही शिल्लक कुठून साठवायची? 1951 च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता होती 8.86 टक्के. शंभरात नऊ जणीही नाहीत. सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होत्या. त्यांचा थोरला भाऊ शाळेत जात होता. पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली 1848 साली. शंभर वर्षं उलटली तरी ती शाळा या मुलीपर्यंत पोचली नव्हती.

आपल्या देशातल्या साठीपुढच्या लोकांचा एक मोठा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात हरियाणातली तीच निरक्षरांना चालणारी चाचणीही वापरली होती. त्याचा अंदाज असा की साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांत प्रमाण 5.8 टक्के आणि स्त्रियांत 9 टक्के. शहरात 5.3 आणि खेड्यात 8.4. शिक्षण कमी तिथं प्रमाण जास्त. बाया जास्त वर्षं जगतात, हे एक कारण आहेच. पण तेवढ्यावर हा विषय मिटवू नका. मुलीच्या हातून पाटी काढून घेतली, त्याची किंमत ती सत्तर वर्षांनीही मोजत असते.

2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 14 धोके सांगितले. ते सगळे दूर करता आले तर स्मृतिभ्रंशाच्या जवळपास 45 टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशोब आहे. त्या यादीत लहानपणी कमी शिक्षण आहे. कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे. आणि डोक्याला झालेली दुखापत आहे. ही यादी बाईच्या नजरेनं वाचा. नवऱ्यानं भिंतीवर डोकं आपटलेल्या बाया आपल्या केंद्रात येतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन "आता या वयात कशाला" म्हणून घरात कुणाचं लांबणीवर पडतं? ब्लडप्रेशरची गोळी महिनाअखेरीला कुणाची संपते आणि आणली जात नाही?

आता सांभाळणाऱ्यांबद्दल. सासूबाईंचं निदान झालं त्या रात्री घरात चर्चा झाली. दीर बोलले, नणंद फोनवर बोलली, हे बोलले. कोण सांभाळणार, हे कुणी विचारलंच नाही. ते ठरलेलंच होतं. पतपेढीतली माझी अकरा वर्षांची नोकरी सुटली. "तुझ्या पगारानं असा काय फरक पडतो?" असंही ऐकून घेतलं. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला 299 मिनिटं घालवतात असं आलं, आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा 2007 साली झाला. पण रात्री तीनदा उठून चादर बदलणाऱ्या सुनेच्या श्रमाचा हिशोब कोण करतं?

मी देवी नव्हते. चिडले, ओरडले, एकदा हातही उगारला. ते आठवलं की अजून लाज वाटते. हे मुद्दाम सांगतेय, कारण इथं बसलेल्या कुणाच्या तरी घरी आज हेच चाललं असेल. ती बाई वाईट नाही, ती एकटी पडलीय.

2023 साली सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी मला त्या "आई" म्हणायच्या. पण जात्यावरच्या ओव्या त्यांना शेवटपर्यंत येत होत्या. मी पहिली ओळ म्हटली की दुसरी त्या म्हणायच्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आरोग्य केंद्रात म्हातारीची तपासणी निरक्षर बाईला न्याय देणाऱ्या चाचणीनं व्हावी, आणि तिच्या भाषेत. प्रत्येक तालुक्याला अशा आजींसाठी दिवसा सांभाळणारं केंद्र हवं. सांभाळ हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे, मुलग्यांचंही, हे आपल्या गटांनी घराघरात बोललं पाहिजे. पुढच्या महिन्यापासून दर बैठकीत अर्धा तास सांभाळणाऱ्या बायांसाठी ठेवू या. ज्यांना रडायचंय त्यांनी रडावं, ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांनी घालाव्यात.

आणि वस्तीतली जी मुलगी सातवीत शाळा सोडायला निघालीय, तिच्या दारात जाऊन बसा. तिच्या आईला सांगा, ही शाळा नोकरीपुरती नाही. ही तिच्या म्हातारपणाचीही शिदोरी आहे.