तह, कलम आणि स्वाक्षरी



पेशवाई रणांगणावर गेली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. छत्रपतींचे सातारचे राज्य मात्र तहाच्या कागदावर गेले, याचे स्मरण फार थोड्यांना असते.

११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला. छत्रपतींसाठी स्वतंत्र राज्य राखून ठेवू, असे आश्वासन त्यात होते. मराठे सरदारांना बाजीरावापासून फोडण्याचा हेतू त्यामागे होता. लगेच आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि तरुण प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसविण्यात आले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला.

या तहाचे पहिले कलम उदार होते. महाराजांनी, त्यांच्या पुत्रांनी, वारसांनी व उत्तराधिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य करावे, असे त्यात लिहिले होते. दुसऱ्या कलमाने मात्र राज्यकारभार इंग्रज वकिलाच्या सल्ल्याने चालविण्याचे बंधन घातले. पाचव्याने परराज्यांशीच नव्हे, तर राज्याबाहेरील सरदार-जहागीरदारांशीही स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यास मनाई केली आणि ती मोडल्यास तहाचे सारे लाभ जातील, असे बजावले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेण्याची सोय अशी प्रारंभीच करून ठेवलेली होती.

त्याच वर्षी सांगलीच्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांशीही कंपनीने करार केला. पेशव्यांच्या पदरी जशी स्वारांची चाकरी होती, तशी ती आता कंपनीची करावी, ही मागणी होती. आप्पासाहेबांनी चाकरी नाकारली आणि तिच्या मोबदल्यात मुलूख तोडून दिला. याने सांगली स्वतंत्र राहिली असे नव्हे. परंतु किंमत आधी मोजली गेली आणि एकदाच दिली गेली. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ते संस्थान टिकले.

साताऱ्याची किंमत मात्र ठरलेलीच नव्हती. १८२२ मध्ये महाराजांना कारभाराचे अधिकार मिळाले. रस्ते, पाणीपुरवठा, शिक्षण यांकडे त्यांनी जातीने लक्ष दिले. १८३५ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून मानाची तलवार पाठविली. ती त्यांच्या हाती पडलीच नाही! जहागिरींवरील हक्काच्या वादात लंडनचा कौल महाराजांकडे झुकला, तरी मुंबई सरकारने तो अंमलात आणला नाही. महाराजांनी हक्काचा आग्रह धरला, तेव्हा १८३६ पासून आरोपांचे सत्र सुरू झाले. देशी शिपायांना फितविणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधणे, असे ते आरोप होते. पाचवे कलम आता फासासारखे आवळले गेले.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. तहाचा भंग झाला, एवढे मान्य करून स्वाक्षरी करावी, गादी कायम राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी नकार दिला. न केलेल्या अपराधाची कबुली देऊन राखलेले राज्य त्यांना नको होते. सप्टेंबरमध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

पुढल्याच वर्षी बंधू शहाजी महाराज निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तकविधान डलहौसीने नाकारले आणि राज्य खालसा केले. ‘वारस व उत्तराधिकारी’ हे शब्द तहात होतेच. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यानेही दत्तकाच्या बाजूने मत दिले होते. ते बाजूला सारले गेले. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी १८५३ पर्यंत लंडनमध्ये ठाण मांडून, तहातील शब्दांचाच आधार घेत न्याय मागितला. तो मिळाला नाही. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीतारामही होते.

साम्राज्याची ही रीत पुढेही पालटली नाही. १९१५-१६ मध्ये मक्केचा शरीफ हुसेन याला इंग्रज अधिकारी मॅकमहोनने पत्रांतून अरब स्वातंत्र्याची आश्वासने दिली. मे १९१६ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांनी त्याच प्रदेशाची गुप्त वाटणी केली. १९२१ मध्ये नव्या तहाचा मसुदा घेऊन लॉरेन्स जेद्दास गेला. त्यावर स्वाक्षरी करणे म्हणजे ती वाटणी मान्य करणे होते. हुसेनने स्वाक्षरी केली नाही. १९२४ मध्ये त्याला गादी सोडावी लागली आणि पुढे हद्दपारी भोगावी लागली.

सातारा आणि जेद्दा यांत सहस्रावधी कोसांचे अंतर. पण धडा एकच. तहाचा अर्थ लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती, राज्यही त्याच्याच हाती. म्हणून राष्ट्राने कलमे वाचण्याची दक्षता बाळगावी आणि आपल्या कलमांचा अर्थ मान्य करावयास लावील इतके सामर्थ्यही जोपासावे. दक्षता व सामर्थ्य दोन्ही अपुरी पडतात, तेव्हा खोट्या कागदावर स्वाक्षरी न करणारा हात एवढेच उरते. प्रतापसिंह महाराजांनी तो मागे घेतला. त्यांचे राज्य गेले, शब्द राहिला.