गेमचं कार्ड आणि गटाचं कर्ज

 

आज एका कर्जाबद्दल बोलायचं आहे. शेळीचं नाही, शिलाई मशीनचं नाही, शाळेच्या फीचंही नाही. आमच्या एका गटात एका ताईंनी तीन हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, पोरीला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे, गेम खेळायला.

बैठकीत आधी हशा झाला, मग वाद. एक जण म्हणाली, गेमला कर्ज दिलं तर उद्या सिनेमाला द्यावं लागेल. दुसरी म्हणाली, पोराने मागितलं असतं तर आपण एवढं बोललो असतो का? आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्का म्हणाल्या, भजनी मंडळाने पेटी घेतली तेव्हा तिने पोट भरतं का, असं कुणी विचारलं नव्हतं. पण खरी अडचण वेगळीच होती. हे कार्ड म्हणजे काय, ते टिकतं का, तीन हजारांत फसवणूक होईल का, हे एकीलाही माहीत नव्हतं. ज्या वस्तूची पारख नाही तिला गटाचा पैसा द्यायचा कसा? म्हणून निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला आणि आम्ही माहिती काढायला लागलो. आमच्यापैकी कुणी कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादांना विचारून आणि त्या पोरीकडून समजून घेऊन जे कळलं, तेच आज सांगतो.

आधी कार्ड म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. गेममध्ये चित्र सारखं हलतं. सेकंदाला साठ वेळा ते नव्याने काढायचं म्हटलं तर सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके रंगवायचे. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू, म्हणजे प्रोसेसर, हुशार असतो, पण त्याला हात थोडे. आपल्याकडे हजार पापडांची ऑर्डर आली की एकटी सुगरण कितीही हुशार असली तरी पुरी पडत नाही. तिथे वीस जणी पोळपाट घेऊन बसाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या पापड लाटणाऱ्या बाया. एकच साधं काम, पण सगळ्यांनी एकाच वेळी करायचं.

ताईंच्या घरचा कॉम्प्युटर जुना, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला. हिशेब, टायपिंग, यूट्यूब त्यावर चालायचं. पण पोरीला खेळायचा होता ट्रक चालवण्याचा गेम. युरो ट्रक सिम्युलेटर २ त्याचं नाव, चेक देशातल्या कंपनीने २०१२ साली काढलेला. त्यात मारामारी नाही, माल भरायचा आणि गावोगाव पोचवायचा. तिचे वडील ट्रकवर ड्रायव्हर आहेत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो गेम अडखळत चालायचा, वळणावर चित्रच थांबायचं.

आता खरेदीची गोष्ट. नवीन कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं शोधायला सुरुवात केली. तीन कार्डं पाहिली, त्यातली दोन नाकारली. का नाकारली, ते नीट ऐका.

पहिलं कार्ड जोरदार होतं, पण त्याला वेगळी वीज लागत होती. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट म्हणतात. त्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून जास्त लागणाऱ्या कार्डाला सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर पॉवर सप्लायमधून जोडावी लागते. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा ती वायर नसते. एका मोटारीच्या लाइनवर दोन मोटारी चालवल्यावर काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. म्हणून ते कार्ड परत.

दुसरं कार्ड स्वस्त होतं. विकणारा म्हणाला, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय आहे, चार जीबीचं. हे मॉडेल २०१६ साली आलं, चांगलं आहे. पण दुरुस्तीवाल्या दादांनी मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, याला निळा व्हीजीए पोर्ट कसा? १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे, त्या पिढीच्या चिपमधून जुन्या पद्धतीचा व्हीजीए सिग्नल निघतच नाही. मग त्यांनी ते कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं आणि जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅम उघडला. त्यात कार्डाच्या नावाआधी 'फेक' असा शब्द आला. आत बरीच जुनी चिप होती, तिच्यावर नव्या मॉडेलचं खोटं नाव चढवलेलं. पितळेला सोन्याचं पाणी दिल्यासारखं. २०१८पासून हा प्रोग्रॅम असली बनावट कार्डं ओळखून दाखवतो. मैत्रिणींनो, पैसे देण्याआधी ही तपासणी झाली म्हणून पैसे वाचले. मोबाइलवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवले असते, तर ते गेलेच असते.

तिसरं कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, २०१४ सालचं. त्याला ६० वॅट वीज पुरते, म्हणजे खाचेतल्या विजेवर ते चालतं. काही कंपन्यांच्या ७५० टीआयलासुद्धा वेगळ्या वायरची जागा असते, तेव्हा ते बघून घ्यायचं. आम्ही पाहिलेल्या कार्डाला ती नव्हती. या कार्डासाठी एकूण सप्लाय किमान ३०० वॅटचा हवा, असं कंपनी सांगते. ताईंच्या डब्यातल्या सप्लायवर ३०० लिहिलेलं होतं. दोन जीबी मेमरी, ६४० छोटे गणक, म्हणजे पोळपाट घेऊन बसलेल्या ६४० बाया. आणि घरचा मॉनिटर व्हीजीएचा होता, या कार्डाला तो पोर्ट होता. नसता तर सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागला असता.

एक गोष्ट मापायची. कॉम्प्युटरचा डबा उभा आणि रुंद असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. डबा बारीक, चपटा असेल तर कमी उंचीचंच कार्ड लागतं. घरून निघताना डब्याच्या आतलं माप टेपने घेऊन जा, ब्लाउजचं माप नेतो तसं.

ही माहिती घेऊन आम्ही पुन्हा बैठकीला बसलो. ताईंनी सांगितलं, पोरगी बारावीनंतर घरीच बसली आहे, कॉम्प्युटर उघडून बघायची तिला हौस आहे, आणि हप्ता मी माझ्या दुधाच्या पैशातून भरीन. कर्ज मंजूर झालं. तीन हजार, दहा हप्ते, व्याज सगळ्यांना असतं तेच. ठरावाच्या वहीत कारण लिहिताना सचिव अडल्या. 'किरकोळ' लिहू का, म्हणाल्या. आक्का म्हणाल्या, जे आहे ते लिही. मग लिहिलं, 'कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड, गेमसाठी.'

आता बसवायचं कसं ते. पोरीने स्वतः बसवलं, आम्ही चार जणी शेजारी होतो.

आधी कॉम्प्युटर बंद करायचा, प्लग काढायचा आणि मग चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. पदर किंवा ओढणी खोचून घ्यायची, लोंबणारं काही नको. कार्डाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज उतरते. डब्याच्या मागची आडवी पत्र्याची पट्टी काढायची. लांब खाचेच्या टोकाला एक छोटा खटका असतो, तो उघडायचा. कार्ड कडेला धरायचं, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. सरळ खाली दाबायचं, टक असा आवाज येतो. मग मागचा स्क्रू घट्ट करायचा. कार्ड तिरकं राहिलं तर अर्धे दात टेकतच नाहीत.

एवढं करून चालू केलं, तर पडदा काळा. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी म्हणाली, थांब आई. तिने मागे पाहिलं. मॉनिटरची केबल जुन्याच पोर्टमध्ये होती. कार्ड बसवल्यावर केबल कार्डाच्या पोर्टला लावायची असते. केबल हलवली आणि चित्र आलं.

तुमच्याकडे तरीही चित्र आलं नाही तर घाबरू नका. कार्ड काढा, केबल जुन्या जागी लावा. चित्र आलं तर कॉम्प्युटर ठीक आहे, दोष कार्डात किंवा बसवण्यात आहे. मग कार्ड पुन्हा नीट बसवून बघा. दात काळपट असतील तर खोडरबराने हलकेच पुसा, कचरा झटका. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. हिशेबात दहा रुपयांचा फरक आला की आपण एकेक नोंद तपासतो, तशीच ही रीत.

चित्र आलं, पण सगळं मोठं आणि पुसट दिसत होतं. कारण ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला त्या कार्डाची भाषा शिकवणारा प्रोग्रॅम. तो कार्डाच्या चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा, दुसरीकडून नाही. फाइल अर्ध्या जीबीहून मोठी असते, तेव्हा मोबाइलचा डेटा बघून उतरवा. इथे जुन्या कार्डाची एक मेख आहे. सगळ्यात नवा ड्रायव्हर त्याला चालेलच असं नाही. ७५० टीआयसाठी ५८० क्रमांकाची मालिका शेवटची. कंपनीने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८पर्यंत देणार असं सांगितलं आहे. म्हणजे हे कार्ड जुने गेम चालवेल, उद्याचे नवे चालवेलच असं धरून बसू नये. कर्ज देताना हेही गटाला माहीत हवं.

गेम सुरू झाला, पण अर्ध्या तासाने आपोआप बंद पडायला लागला. जीपीयू-झेडमध्ये तापमान दिसतं. ते ८०च्या वर जाऊन तिथेच राहत होतं. पत्र्याचं घर, भिंतीला टेकवलेला डबा आणि कार्डाच्या पंख्यात मागच्या मालकाची धूळ. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढली. चिपवरची वाळलेली पेस्ट दादांनी बदलून दिली. डबा भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. तेव्हापासून गेम बंद पडलेला नाही.

आणखी एक, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. कार्ड राहू द्या बाजूला, आधी वायरमनला बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात जुगाड करून लावू नका.

गेम फुकटात देणाऱ्या साइटवरून उतरवू नका, त्याबरोबर व्हायरस येतो. सवलतीचे दिवस असतात तेव्हा विकत घ्या. आणि गेम कोणत्या वयासाठी आहे ते बघा, ते लिहिलेलं असतं.

आता तुमच्या गटात असं कर्ज कुणी मागितलं तर हसण्याआधी पाच प्रश्न विचारा. कॉम्प्युटरचा सप्लाय किती वॅटचा? कार्डाला वेगळी वायर लागते का? डब्यात मावतं का? मॉनिटरच्या केबलला जुळतं का? आणि पैसे देण्याआधी चालू करून तपासलं का? पाचही उत्तरं आली तर मागणाऱ्या बाईने अभ्यास केला आहे. मग हप्ता कुठून भरणार, तेवढं विचारा आणि निर्णय घ्या.

ताईंचे चार हप्ते वेळेवर आले आहेत. पोरगी संध्याकाळी गेम खेळते. वडील घरी असले की शेजारी बसून सांगतात, घाटात गिअर खाली घे. शेजारच्या दोन पोरींनी तिच्याकडून डबा उघडायला शिकून घेतला. त्यातून कमाई होईल की नाही, ते आम्ही आज सांगत नाही. बाईने आणि तिच्या पोरीने हौसेसाठी मागितलं, पारखून घेतलं आणि फेडत आहेत. गटाच्या वहीत एवढं कारण पुरेसं आहे, असं आमच्या बैठकीने ठरवलं. तुमच्या बैठकीत काय ठरेल, ते तुम्ही बोलून ठरवा.

नमस्कार.